आपल्या गॅरेजमधली तालीम

(मोठ्या गटासाठी पाठ. मुलांनी आधी मोठ्याने वाचावा, मग आईबाबांबरोबर स्वाध्याय सोडवावा.)



मागच्या रविवारी मी वर्गात विचारले, "तालीम म्हणजे काय?" एकाने सांगितले, "नाटकाची तालीम. गणपतीत आपण करतो ती." दुसरी म्हणाली, "माझे आजोबा तालमीत जायचे. तिथे कुस्ती खेळतात." दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. तालीम हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. नाटकाची तालीम म्हणजे नाटक शिकण्याची वेळ आणि पैलवानांची तालीम म्हणजे शरीर शिकवण्याची जागा. म्हणून तालीम ही एक शाळाच आहे, आपल्या रविवारच्या शाळेसारखी. फक्त तिथे वही लागत नाही, लंगोट लागतो!

आज हा विषय घेण्याचे कारण असे. आपल्या कॅरीत बऱ्याच घरांमध्ये व्यायामाची खोली करायचे बेत चालले आहेत. कुणी गॅरेज रिकामे करतो आहे, कुणी वरच्या बोनस रूममध्ये मशीन ठेवणार आहे. आमच्या घरी हा उद्योग करून झाला. त्यात चुका झाल्या आणि शिकायलाही मिळाले. ते सगळे या पाठात सांगतो.

१. जुन्या लोकांनी तालीम कशी बांधली?

कोल्हापूरला गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा नावाजलेल्या तालमी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला फार मोठा आश्रय दिला. कोल्हापुरातले खासबाग मैदान त्यांनीच बांधले आणि १९१२ साली ते कुस्त्यांसाठी खुले झाले. महाराज १९०२ साली युरोपला गेले होते, तेव्हा रोमचे जुने गोल क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. मधे मातीचा हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते.

तालमीची इमारत मात्र साधी असते. दार ठेंगणे, आत जाताना मान वाकवावी लागते. भिंती जाड, खिडक्या लहान. कोनाड्यात मारुती. मधे लाल मातीचा हौदा. बाजूला जोर-बैठका काढायला जागा, मुद्गल आणि वजने. आत आरसा बहुधा नसतो. कुणी आपले दंड बघत उभा राहिला तर वस्ताद विचारतील, "लग्नाला आलास काय?"

यातली प्रत्येक गोष्ट विचाराने केलेली आहे. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. लहान खिडक्यांमुळे घामाच्या अंगावर वाऱ्याचा झोत येत नाही आणि मातीतला ओलावा लवकर उडत नाही. माती तर सर्वात महत्त्वाची. ती चाळून घेतात, खडा ठेवत नाहीत. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव अशा वस्तू मिसळतात. मग ती रोज खोऱ्याने उकरून सैल करतात. हे खोदकाम पैलवान स्वतःच करतात आणि तोही व्यायामाचाच भाग असतो. म्हणजे तालमीत जमीन ही काही एकदा घातली की झाले अशी गोष्ट नाही. तिची रोज मशागत करावी लागते, शेतासारखी.

महाराष्ट्रात कुस्तीशिवायही शरीर कमावण्याच्या अनेक वाटा निघाल्या. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नवे जीवन दिले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ आणि मुंबईत दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा घरोघरी प्रचार केला. सूर्यनमस्काराला लागते किती जागा? एका सतरंजीएवढी! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

२. आमच्या मशीनची गोष्ट

आता आमच्या घरी या. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर काठावर आल्याचे सांगितले. आपल्या भारतीय लोकांना हा आजार तुलनेने लवकर आणि वजन फार नसतानाही गाठतो, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. माझे काका त्याच आजाराने गेले. मी घाबरलो आणि त्याच शनिवारी चालण्याचे मशीन विकत आणले. बोनस रूममध्ये ठेवले. तीन आठवडे चाललो. चौथ्या आठवड्यात त्याच्यावर एक ओला टॉवेल आला. पुढे शर्ट आले, मग रजई. दिवाळीपर्यंत ते मशीन म्हणजे घरातली सर्वात महाग दोरी झाली, कपडे वाळत घालायची.

पुढच्या उन्हाळ्यात माझे वडील कोल्हापूरहून सहा महिने राहायला आले. तरुणपणी ते रोज तालमीत जात. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, बटणे बघितली आणि विचारले, "अरं, मशीन झकास हाय. पण ह्याचा वस्ताद कोण?"

मला उत्तर देता येईना. मशीनला वस्ताद नव्हता, वेळ नव्हती, सोबतीला कुणी नव्हते. खोली होती, पण तालीम नव्हती. त्या दिवशी आम्ही ठरवले, की गॅरेजचा अर्धा भाग मोकळा करायचा आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचे.

३. जागा कोणती निवडावी?

कॅरीच्या घरांना तळघर क्वचितच असते. बहुतेक घरांखाली बुटकी पोकळी असते. तिथे माणूस नीट उभाही राहू शकत नाही. पोटमाळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. म्हणून दोनच जागा उरतात, बोनस रूम किंवा गॅरेज.

बोनस रूमला घराची थंड-गरम हवा मिळते, हा फायदा. पण ती वरच्या मजल्यावर असते आणि तिची जमीन लाकडी तुळयांवर उभी असते. सूर्यनमस्कार, योगासने, हलके डंबेल्स यांना ती उत्तम. जड वजने उचलून खाली टाकायची असतील तर ती जागा नव्हे. खालच्या खोलीचे छत हादरते आणि आजीची झोपमोड होते ती वेगळीच.

गॅरेजची जमीन काँक्रीटची असते, ती वजन सहज पेलते. पण तिथे उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही आत येतात. आपल्याकडे जुलैमध्ये दुपारी पारा ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो आणि जानेवारीच्या पहाटे गोठणबिंदूच्या आगेमागे. यावर आजोबांचा उपाय सोपा होता. "पहाटे उठा." जुलैत सकाळी सहाला गॅरेजचे दार वर करून पंखा लावला की व्यायाम छान होतो. तालीमही पहाटेचीच असते.

४. मोजमाप: येथे गणित येते

आमचे गॅरेज २० फूट लांब, २० फूट रुंद आहे. एका बाजूला एक गाडी राहणार. म्हणजे आपल्याला मिळाली १० फूट बाय २० फूट जागा. त्यातून फडताळे, कचऱ्याचे डबे आणि घरात जायची वाट वजा केली. उरले १० फूट बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट.

जमिनीवर रबराच्या जाड मॅट घालायच्या. घोड्यांच्या तबेल्यात घालतात त्या मॅट शेतीसामानाच्या दुकानात मिळतात. त्या ४ फूट बाय ६ फूट आणि पाऊण इंच जाड असतात. एका मॅटचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट. १२० भागिले २४ म्हणजे ५ मॅट. पण क्षेत्रफळ जुळले म्हणजे मॅट बसल्याच असे नाही! त्या कापल्याशिवाय कशा मांडाल? आमच्या मुलीने कागदाचे पाच तुकडे कापून हे कोडे सोडवले. (तुम्हीही सोडवा. उत्तर शेवटी आहे.) एक मॅट सुमारे १०० पौंड भरते, तेव्हा मांडणी आधी कागदावर करा. आम्ही दोन माणसांनी पाच मॅट आत आणल्या आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच झाला.

आता उंची. सरळ उभे राहून हात वर केले, तर माणूस आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट ते किंचित जास्त उंच पोचतो. ५ फूट ८ इंचाचा माणूस सव्वासात फुटांपर्यंत जातो. आठ फुटी छताखाली सूर्यनमस्कार होतील. पण हातात दोन फुटी मुद्गल धरून फिरवला तर? सव्वासात अधिक दोन, म्हणजे सव्वानऊ. दिवा फुटणार! शिवाय गॅरेजचे दार वर सरकते त्याचा लोखंडी रूळ डोक्यावर असतो, तोही मोजायला हवा. म्हणून मुद्गल आम्ही बाहेर ड्राइव्हवेवर फिरवतो. शेजाऱ्यांना पहिल्या दिवशी काळजी वाटली, आता त्यांचा मुलगाही शिकायला येतो.

मल्लखांबाचे नाव काढाल तर तो गॅरेजमध्ये बसणार नाही. खांबाच्या टोकावर चढून आसन करायचे, म्हणजे खांबाच्या वर माणसाएवढी मोकळी जागा हवी.

५. जमीन, भिंत, वीज

जमीन: मॅट घालण्यापूर्वी काँक्रीटमध्ये ओल आहे का ते पाहा. प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवसाने उचला. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट डाग दिसला तर ओल येते आहे. आम्ही ही परीक्षा केली नाही. पहिल्या पावसाळी महिन्यानंतर एक मॅट उचलली तर खाली बुरशी! पाच मॅट पुन्हा उचला, जमीन धुवा, वाळवा. आता दर दोन महिन्यांनी कडा उचलून बघतो. जुन्या पैलवानांना माती रोज उकरावी लागे, आपल्याला वर्षातून सहा वेळा मॅट उचलायला काय हरकत आहे?

भिंत: अमेरिकेतल्या घराची भिंत दिसते भक्कम, पण वरचा थर अर्ध्या इंचाच्या प्लास्टर-फळीचा असतो. आत लाकडी खांब असतात, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बहुधा १६ इंच. लोंबकळायची दांडी या खांबांमध्येच लांब स्क्रूने बसवली पाहिजे. मी ती नुसत्या फळीत बसवली. दोनदा लोंबकळलो, तिसऱ्यांदा दांडी, फळीचा तुकडा आणि मी असे तिघे एकदम खाली आलो. पाठ आठ दिवस दुखली. माझ्याऐवजी मुलगी लोंबकळत असती तर, हा विचार अजूनही मनात येतो. म्हणून मुलांनो, भिंतीवर बसवलेली कोणतीही वस्तू मोठ्या माणसाने पूर्ण वजन टाकून तपासल्याशिवाय वापरायची नाही.

आणखी एक. घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत आणि दार आग लवकर पसरू नये अशा बेताने केलेले असते. तिला भोके पाडू नका.

वीज आणि हवा: चालण्याच्या मशीनला लांब जोडवायर लावू नये, ती तापते. त्याला स्वतंत्र जोडणी लागली तर परवानाधारक वायरमन बोलवा. नवी वायर किंवा नवी भिंत घालण्यापूर्वी टाऊन ऑफ कॅरीच्या कचेरीत परवानगीची चौकशी करा, आणि आपल्या वसाहतीच्या संघटनेचे नियमही वाचा. काही वसाहतींत गाडी रस्त्यावर ठेवलेली चालत नाही. गवत कापायचे यंत्र, पेट्रोलचा डबा आणि रंगाचे डबे या जागेतून हलवा. दार उघडे असले तरी आत गाडी चालू ठेवून व्यायाम कधीही करू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. मशीनची सुरक्षा-किल्ली वापर झाल्यावर काढून उंचावर ठेवा. लहान भावंडांची बोटे पट्ट्यात अडकू शकतात.

६. लाल मातीचा प्रयोग

आजोबांना रबर काही पसंत पडले नाही. "मातीशिवाय तालीम कसली?" मागच्या अंगणात खणल्यावर त्यांना लालभडक माती दिसली आणि ते खूश झाले. "अरं, ही तर आपलीच माती!"

रंग खरोखरच तसाच आहे. आपल्या भागातल्या मातीत लोखंड आहे. लोखंडाला गंज चढला की तो लाल दिसतो. तशीच मातीही लाल होते. इथल्या या लाल मातीच्या एका मोठ्या जातीला 'सेसिल' म्हणतात आणि ती नॉर्थ कॅरोलायना राज्याची माती म्हणून ओळखली जाते.

आजोबांनी बादलीभर माती आणली. ओली होती तोवर ती पायाला चिकटली, आणि दोन दिवसांनी उन्हात तिची वीट झाली! कारण तिच्यात चिकणमातीचा अंश फार आहे. तालमीची माती नुसती लाल असून चालत नाही. ती चाळून, तेल-ताक घालून, रोज उकरून तयार केलेली असते. "ह्या मातीला अजून तालीम मिळाली न्हाई," आजोबा हसून म्हणाले. (इथे तालीम शब्दाचा कोणता अर्थ आहे?)

रबरावरही पैलवान घडतो, हे खाशाबा जाधवांनी दाखवले आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे. मातीत वाढलेले खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि मॅटवर खेळून सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकट्या माणसाने जिंकलेल्या पदकामागे किती माणसे उभी होती ते पाहा.

७. दार कुणासाठी उघडे?

तालीम सुरू झाली. रोज सकाळी सहा ते पावणेसात. पहिल्या दिवशी आजोबा, मी आणि माझा मुलगा. दुसऱ्या दिवशी आमची अकरा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आजोबा, मी पण येऊ?"

आजोबा थोडे गप्प झाले. त्यांच्या तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. त्यांना तसा प्रश्नही कधी पडला नव्हता. मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "मॅट मीच मांडल्या ना?"

आजोबांनी एक सतरंजी उचलून मधोमध टाकली आणि म्हणाले, "ये. पण वेळेवर यायचं. आणि नमस्कार मोजून बारा. अकरा न्हाई."

काळ बदलतो, तालमीही बदलतात. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मानाची गदा जिंकली. ती बातमी आजोबांनी फोनवर मुलीला स्वतः वाचून दाखवली.

आजोबा परत गेले, पण वेळ तीच राहिली. भिंतीवर एक कागद आहे, त्यावर जो येईल त्याच्या नावापुढे रेघ ओढायची. शनिवारी आजोबा व्हिडिओवर रेघा मोजतात. माझी साखर पुन्हा खाली आली. डॉक्टर म्हणाले, आहार आणि रोजचा व्यायाम दोन्हींचा गुण आहे. मशीन अजून आहे. ते आता गॅरेजमध्ये आहे आणि त्याच्यावर टॉवेल टाकायची कुणाची हिंमत होत नाही. फडताळात लाल मातीची ती वीट ठेवली आहे. मुले व्यायामाआधी तिला हात लावून कपाळाला लावतात. असे करा म्हणून त्यांना कुणी सांगितले नव्हते, आजोबांना बघून शिकली.

तेव्हा मित्रांनो, खोली करताना आधी यादीत मशीन लिहू नका. आधी तीन ओळी लिहा: वेळ कोणती? सोबत कोण? वस्ताद कोण? ही उत्तरे मिळाली की सतरंजीएवढी जागासुद्धा तालीम होते.

शब्दार्थ

हौदा – कुस्तीसाठी मातीने भरलेली खोलगट जागा
वस्ताद – कुस्ती शिकवणारे गुरू (मूळ फारसी शब्द)
मुद्गल – फिरवून व्यायाम करण्याचे जड लाकडी साधन
काव – तांबडी रंगीत माती, गेरू
मशागत – पेरणीपूर्वी जमीन तयार करण्याचे काम
फडताळ – वस्तू ठेवण्याचे कप्प्यांचे कपाट
गहाण ठेवणे – कर्ज घेताना वस्तू तारण म्हणून देणे

वाक्प्रचार (अर्थ आईबाबांना विचारा आणि वाक्यात उपयोग करा)

१. दंड थोपटणे  २. शड्डू ठोकणे  ३. कंबर कसणे  ४. अस्मान दाखवणे  ५. घाम गाळणे

स्वाध्याय

१. जुन्या तालमीच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान का असत?
२. "मशीनला वस्ताद नव्हता" या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. आजोबा मुलीला आत घेण्यापूर्वी गप्प का झाले असतील? तुम्ही आजोबा असता तर काय म्हणाला असता?
४. तुमच्या घरातली एक जागा मोजा. लांबी, रुंदी, उंची लिहा. तिथे कोणता व्यायाम होईल आणि कोणता होणार नाही?
५. भारतातल्या आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या लहानपणी गावात तालीम किंवा आखाडा होता का? तिथे कोण जात असे? पाच ओळी लिहून आणा.

कोड्याचे उत्तर: तीन मॅट उभ्या, एकमेकींना लागून ठेवा. रुंदी ४+४+४ = १२ फूट, खोली ६ फूट. त्यांच्या पुढे दोन मॅट आडव्या ठेवा. रुंदी ६+६ = १२ फूट, खोली ४ फूट. एकूण १२ फूट बाय १० फूट. एकही मॅट कापावी लागली नाही!

पालकांसाठी: पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर अर्धा तास सर्वांनी मिळून सूर्यनमस्कार घालायचे आहेत. प्रत्येकाने एक सतरंजी आणावी. मधुमेह, रक्तदाब किंवा पाठदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकी कोणतीही सबब चालणार नाही. नमस्कार मोजून बारा. अकरा नाहीत.